गाडी थंड पाहिजे

कोठारी गाव मागे पडलं आणि एसीच्या जाळीतून येणारी हवा कोमट झाली. भाऊजींनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून जाळीपुढे धरला, बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा हात धरला. मग डॅशबोर्डवर एक बुक्की मारली.

"मारून काय होते?" शकूताई म्हणाली. "काच खाली करा."

"थांब न. येईल."

"नाही येत. रोज इथंच जाते ते."

भाऊजींनी आणखी थोडी वाट पाहिली. आता तर इंजिनाची ऊब सरळ आत येत होती. शेवटी त्यांनीच वाकून ताईच्या बाजूची काच खाली केली. सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी बाहेरची झळ चुलीपुढं बसल्यासारखी तोंडावर आली. मी मागच्या सीटवर होते. बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतून मी तो पुढे दिला. ताईनं तो डोक्यावर घेतला, त्याचं एक टोक ओठांवरून फिरवलं आणि लगेच बाजूला केलं. टॉवेल चोखते की काय, म्हणून भाऊजी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, आणि ते बघतायत हे तिला ठाऊक होतं.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. बदलायचं म्हटलं तर तिचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मग उरलं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शनिवार. गोंडपिपरीहून चंद्रपूर, चार तास मशीनला, आणि परत. हिवाळ्यात ते निभलं. पण आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्यात या पेशंटला पाणी प्यायची मुभा नसते. प्यायलेलं बाहेर पडत नाही, अंगातच साठतं, छातीत चढतं. ताईला दिवसभरात दोन पेले पाणी होतं. औषधं त्यातच, चहा त्यातच. जितकी ती तापायची तितकी तहान लागायची, आणि तहान लागली की नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं.

भाऊजींचं, म्हणजे वासुदेवराव पिंपळशेंड्यांचं, गोंडपिपरीत बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, मोठी भांडी. त्या सामानासाठी त्यांनी एका ठेकेदाराकडून ही मागंपुढं सीट असलेली जुनी पिकअप घेतली होती. तिला एसी होता, पण डिझेल खातो म्हणून त्यांनी तो कधी लावला नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा लावला. पोरगा सुरतला कंपनीत, त्याला सारखी रजा मिळेना. भाड्याची गाडी बघावी तर लग्नसराईत मिळत नव्हती. आणि लग्नसराई भाऊजींनाही होतीच. रात्रभर कुठंतरी मांडव सोडायचा, आणि सकाळी अंघोळ करून ताईला घेऊन निघायचं. त्यांचे डोळे सतत लाल असायचे.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते. ड्युटी बदलून घेऊन जमेल तेव्हा सोबत जायचे. त्या सोमवारी ताईनंच आदल्या दिवशी फोन करून बोलावलं होतं. "उद्या ये, सिंधू. काम आहे."

काय काम, ते तिनं फोनवर सांगितलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात भाऊजींनी आम्हाला उतरवलं आणि गाडी सावलीत लावायला नेली. ताईचं वजन झालं, पलंग मिळाला, सिस्टरनं हातात दोन जाड सुया लावल्या. रक्त नळीतून मशीनकडे जायला लागलं तेव्हा तिनं मला जवळ बसायची खूण केली. दमलेली होती. एवढ्याशा प्रवासानं तिचे ओठ फाटले होते. पण बोलली ते अगदी सावकाश, भाजी काय करायची ते सांगावं तसं. दोन-तीन वाक्यंच होती. शेवटी म्हणाली, "त्यांना तू सांग. आज, इथंच. माझ्याच्यानं होत नाही."

मी ओढणी डोळ्यांना लावली. ती म्हणाली, "रडू नको. बाकीचे पेशंट पाहून राहिले."

मी बाहेर आले. भाऊजी चहाच्या टपरीपाशी उभे होते, पण चहा घेत नव्हते. टपरीवाल्याला विचारत होते, "इथं गाडीच्या एसीचं काम कोण करते?"

"भाऊजी," मी म्हटलं, "बसा जरा. मले बोलायचं होतं."

"गाडीत बोल. दोनच्या आत परत याचं आहे."

बायपासला मामीडवार म्हणून एकाचं गॅरेज होतं. पुढं टिनाचं शेड, मागं घर. मामीडवार पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात ओला रुमाल घातलेला माणूस. एक गाडी आटोपून तो पंख्यापुढं बसला होता. उठायची त्याची मुळीच इच्छा दिसत नव्हती.

"काय तक्रार आहे?"

"गाडी थंड पाहिजे," भाऊजी म्हणाले.

"गॅस कधी भरला होता?"

"मागच्या महिन्यात. त्याच्याही आधी एकदा. दोघांनीही गॅसच भरला. भरला की बरी चालते, मग रस्त्यात तसंच."

मामीडवारनं सुस्कारा टाकून बॉनेट उघडलं. लाल आणि निळ्या नळ्यांची, दाब मोजायची दोन घड्याळं जोडली, इंजिन चालू करायला सांगितलं, एसी लावला. आतून 'टक्' असा आवाज झाला. त्यानं घड्याळांवरचे काटे पाहिले, केबिनमध्ये हात घातला.

"आता तर बर्फ पडून राहिला जी. गॅस बरोबर आहे, प्रेशर बरोबर आहे. काय दुरुस्त करू?"

"आता थंड आहे. थोड्या वेळानं पाहा," भाऊजी म्हणाले. "घरून निघतो तेव्हा अशीच थंड राहते. तासाभरानं गरम हवा. दवाखान्यात उभी राहिली की पुन्हा थंड. परत जाताना बल्लारपूरच्या आतच बंद."

"मंग तापू द्या तिले. मी जेवून घेतो."

गाडी शेडबाहेर उन्हात लावली, बॉनेट बंद केलं, इंजिन आणि एसी चालू ठेवला. मामीडवार आत गेला. आम्ही दोघं टिनाच्या कडेला एका लाकडी बाकावर बसलो. वरचा टिन असा तापला होता की सावलीतही डोकं भणभणत होतं. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते आणि त्यांची काळी धूळ आमच्या घामावर बसत होती.

"भाऊजी, ताई म्हणत होती..."

ते ताडकन उठले. गाडीचं दार उघडून जाळीला हात लावून आले. "अजून थंड आहे," म्हणाले आणि बसले. "काय म्हणत होती?"

"काही नाही. थकली म्हणत होती."

"थकणारच न. आता हे एकदा झालं की बरं होईल." मग स्वतःशीच म्हणाले, "पट्टा तर मीच बदलला होता. पट्ट्याचं काही नसल."

दर थोड्या वेळानं ते उठायचे, हात लावायचे, येऊन बसायचे. मी तोंड उघडायचे आणि ते गाडीबद्दल काहीतरी बोलायला लागायचे. वायरिंगचं काही असेल का, ठेकेदारानं काही लपवलं असेल का. आयुष्यभर मांडवाच्या दोऱ्या बांधणारा माणूस. या दोन महिन्यांत गॅरेजवाल्यांकडं बसून बसून त्याला एसीचा एकेक भाग तोंडपाठ झाला होता, फक्त तो चालत का नाही तेवढं सोडून.

असा बराच वेळ गेला. मामीडवार जेवून आला, दात कोरत उभा राहिला, तरी हवा थंडच.

"पाहा. काही नाही. आता जा तुम्ही..."

"आली," भाऊजी गाडीतून ओरडले. "गरम आली! पाहा लवकर!"

इतक्या आनंदानं कुणी बिघाड झाल्याचं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मामीडवारनं बॉनेट उघडलं तशी आतून भट्टीसारखी वाफ आली. फ्यूज पाहिला, चांगला होता. एसीचा रिले काढून त्याच्या जागी हॉर्नचा लावून पाहिला, काही फरक नाही. इंजिनापुढची रेडिएटरची जाळी तापल्यामुळं होत असेल म्हणून पाइप लावून तिच्यावर पाण्याची धार सोडली. पाणी फसफसत वाफ होऊन जात होतं, उरलेलं खाली मातीत जात होतं. भाऊजी त्या पाण्याकडं बघत उभे होते. बरंच पाणी गेलं. हवा गरम ती गरमच.

मामीडवारनं नळ बंद केला आणि रुमालानं मान पुसली. "कॉम्प्रेसर गेला वाटते. जुना आहे. गरम झाला की पकडत नाही. नागपूरहून मागवा लागते. उद्या संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

"उद्या नाही. आज."

"आज कुठून आणू जी?"

"आजच पाहिजे. दोन वाजता पेशंटले घरी न्यायचं आहे."

"मंग टॅक्सी पाहा न एक दिवस. गाडी ठेवा इथं."

"टॅक्सी नाही पाहिजे मले!" भाऊजी एवढ्या जोरात ओरडले की मामीडवार मागं सरकला. मी भाऊजींचा दंड धरला आणि त्यांना शेडच्या मागं, घराच्या भिंतीच्या सावलीत नेलं. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, आणि आदल्या रात्री झोपलेही नसावेत.

"भाऊजी, राहू द्या आज," मी म्हटलं. "बुधवारी..." आणि बुधवार हा शब्द तोंडातून गेल्यावर मला पुढं बोलता येईना.

ते भिंतीला टेकून खाली बसले.

"तुले सांगितलं तिनं," ते म्हणाले. "हो न?"

मी ओढणीनं तोंडावरची काळी धूळ पुसली.

"आज शेवटचं, म्हणाली न? आता आणू नका म्हणाली."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी काहून सांगल? तिनं पाणी मागणं सोडलं, सिंधू. आधी दिवसभर भांडाची. एक घोट द्या, अर्धा द्या, तुम्ही माणूस आहे का कोण, म्हणाची. चोरून नळाखाली तोंड धरताना मी तिले पकडलं आहे. आता पंधरा दिवस झाले, मागत नाही. दिलं तर पेते, नाही दिलं तर नाही पेत. पोराले फोन करून घरी बोलावलं तिनं. पुढच्या आठवड्यात येऊन राहिला. काहून बोलावलं म्हटलं, तर म्हणे, आंबे खायले."

मीही त्यांच्याशेजारी बसले. ताईचे शब्द मला जसेच्या तसे सांगायचे होते. "आता माझ्याच्यानं येणं होत नाही. आजच्यानंतर मले आणू नका." पण सांगायचं काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, बंद केलं तर आठ-दहा दिवस," मी म्हटलं.

"माहीत आहे मले."

"तिचा जीव विटला, भाऊजी."

"विटला असल. मी नाही म्हणत नाही." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, तोंडाला काजळी लागली. "पण कशाले विटला, ते तर मले कळलं पाहिजे. त्या सुया, ते मशीन, ते चार तास, त्याले विटली असल तर मी एक शब्द बोलणार नाही. तिचा जीव आहे. पण या रस्त्याले विटली असल तर? या उन्हाले, या डबड्या गाडीले? दोन वाजता बाहेर निघते तेव्हा ती कशी राहते, पाहिलं न तू? तसं तिले या भट्टीत टाकतो मी. घरी जाईपर्यंत जीभ टाळूले चिकटते तिची. त्याच्यात माणूस मरून जाऊ म्हणणारच. मीही म्हणल." त्यांनी गाडीच्या दिशेनं हात केला. "तिले एक खेप थंड गाडीतून घरी नेऊ दे मले. एकच. त्याच्यावर घरी पोचून ती नको म्हणाली, तर मंग नको. मंग मी आंबे आणतो."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असा हात ठेवायची पद्धत नव्हती.

उठून पुढं आलो तेव्हा मामीडवार गाडीपाशीच उभा होता. भिंत काही जाड नव्हती, त्यानं सगळं ऐकलं असणार. आमच्याकडं न बघता तो म्हणाला, "गाडी चालूच राहू द्या. बंद करू नका. आता बिघडलेली आहे तेव्हाच पाहून घेऊ."

त्यानं एक छोटा दिवा आणला, दोन वायरींचा. चालू इंजिनात वाकून वायरीचं टोक कॉम्प्रेसरच्या पुढच्या जोडावर टेकवलं. दिवा लागला.

"करंट तर येऊन राहिला," तो म्हणाला. मग थोडा वेळ तसाच वाकून बघत राहिला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पट्ट्यावरचं चाक गरगरत होतं, पण त्याच्या पुढची चकती मात्र थांबलेली होती. "एसी लावला की आतलं चुंबक या चकतीले ओढून घेते. चकती चाकाले चिकटली की कॉम्प्रेसर फिरते. आता करंट आहे, पण चिकटत नाही. काहून नाही चिकटत?"

त्यानं कोपऱ्यातून एक लांब लाकडी दांडा घेतला. आम्हाला मागं व्हायला सांगितलं आणि दांड्याच्या टोकानं चकतीला हलकेच आत ढकललं.

टक्.

चकती फिरायला लागली. भाऊजी धावत केबिनकडं गेले. थोड्या वेळानं त्यांचं डोकं बाहेर आलं. "थंड," ते म्हणाले.

"कॉम्प्रेसर नाही गेला," मामीडवार म्हणाला. "मीच चुकीचं बोललो. ही चकती झिजून झिजून चाकापासून दूर गेली. इंजिन थंड आहे तोवर चुंबकात जोर राहते, ओढून घेते. तापलं की जोर कमी होते, मंग तेवढ्या अंतरावरून ओढल्या जात नाही. गॅस भरायले तुम्ही गाडी उभी ठेवत होते, तोवर ती थंड होत होती. म्हणून वाटाचं का गॅसनं झालं."

"मंग?"

"चकतीच्या मागं पातळ वायसर राहतात. एखादा काढला तर अंतर कमी होईल. पण इंजिन तापून आहे. थंड व्हायले वेळ लागल."

"वेळ नाही," भाऊजी म्हणाले.

मामीडवारनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. इंजिन बंद केलं, अंगाखाली एक पोतं टाकलं आणि हाताला ओलं फडकं गुंडाळून गाडीखाली शिरला. आम्ही त्याला वरून पाने देत होतो. मधेच त्याच्या बायकोनं आतून हाक मारली, कोणाचा तरी फोन होता. त्यानं ओ दिली नाही. दोनदा त्याच्या हाताला चटका बसला आणि दोन्ही वेळा त्यानं कोणाला तरी तेलुगूत शिवी दिली. शेवटी बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर कागदाएवढा पातळ एक लोखंडी वायसर होता.

"हा पाहा," तो म्हणाला. "सगळं जोडलं. आता ताप लागल्यावरच कळल राहते का नाही ते. इथं उभी करून पाहाचं तर अजून तासभर लागल."

पावणेदोन वाजून गेले होते.

"रस्त्यावर पाहतो," भाऊजी म्हणाले.

मामीडवार खिडकीशी आला. म्हणाला, "बंद पडली तर माझ्या नावानं शिव्या द्या. पण फोन करा."

ताईला चाकांच्या खुर्चीवरून गाडीपर्यंत आणलं तेव्हा ती अर्धी झोपेत होती. मशीनवरून उतरल्यावर तिचं तसंच व्हायचं. चेहरा राखेसारखा, पाय आपले नसल्यासारखे. भाऊजींनी तिला उचलूनच आत ठेवली. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. सांगितलंस का, असं ते पाहणं होतं. मी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नसणार, मलाही नक्की माहीत नव्हतं.

गाडीत थंडावा होता. पण थंड तर ती दर वेळी इथं असायचीच.

चंद्रपूर सुटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चमकत होतं. भाऊजींनी एकदाही जाळीला हात लावला नाही. मीच मागून हात पुढं काढून बघत होते. बल्लारपूर आलं. तिथं रेल्वेचं फाटक लागलेलं. आमच्यापुढं ट्रकांची रांग, वर ऊन, खाली तापलेला रस्ता. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. एरवी हे इथंच बंद पडायचं. मालगाडी येता येईना. इंजिनाच्या तापाचा काटा वर चढताना मला मागून दिसत होता. भाऊजींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, गाडी उभी असूनही.

मधेच कॉम्प्रेसर थांबला. हवेचा आवाज तोच, पण गारवा उतरायला लागला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

टक्.

गार हवा पुन्हा सुरू झाली. मालगाडी आली, लांबच लांब, कोळशाची. ती जाईपर्यंत तो आवाज आणखी दोन-तीनदा आला. थांबायचा, पुन्हा धरायचा. एसी नीट चालतो तेव्हा असाच चालतो, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, कारण आम्ही तो कधी नीट चाललेला पाहिलाच नव्हता. फाटक उघडलं.

ताई झोपली होती. तोंड उघडं टाकून, मान एका बाजूला कलंडून. येता-जाता त्या गाडीत ती झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. बल्लारपूर गेलं, कोठारी गेलं. कोठारीच्या पुढं जंगल लागतं, सागाची सगळी पानं गळलेली, नुसत्या काड्या. तिथं ती जागी झाली. अंग आखडून बसली, हात पदराखाली घेतले.

"बंद करा न ते," ती म्हणाली. "थंडी वाजून राहिली."

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं. मग समोर.

"बंद नाही करत," ते म्हणाले.

"अहो, खरंच वाजून राहिली. हात पाहा."

"वाजू दे."

मी माझी ओढणी काढून तिच्या अंगावर टाकली. तिनं ती गळ्यापर्यंत ओढून घेतली, खांद्याशी खोचली, तरी तिचं समाधान होईना. पातळ होती. ती कुरकुरली, "गाडीभर सतरंज्या वाहता लोकाच्या, अन् घरच्या माणसाले एक पांघरूण नाही. पुढच्या खेपेला एखादं ठेवत जा गाडीत." आणि काचेला डोकं टेकून तिनं पुन्हा डोळे मिटले.

गाडीचा वेग एकदम कमी झाला, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मी मागून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठं त्यांनी गिअर बदलला.

ताईनं तो निरोप परत कधी काढला नाही, मीही काढला नाही. पोरगा आला, आंबे खाऊन गेला, त्यानं आणलेल्या आमरसावरून पाण्याच्या हिशेबाचं पुन्हा भांडण झालं. पुढं कितीतरी खेपा झाल्या. पाऊसपाणी, थंडी, पुन्हा उन्हाळा. ती गेली ती बऱ्याच काळानं, घरी, एका रविवारी पहाटे. तेव्हा तिला खरंच सगळ्याचाच थकवा आला होता आणि ते तिनं भाऊजींना स्वतः सांगितलं होतं. त्यांनी शब्द पाळला. एक शब्द बोलले नाहीत.

पण त्या सोमवारी आम्ही सरळ घरी गेलो नाही. गोंडपिपरीच्या बाजारात भाऊजींनी एका कापडाच्या दुकानापुढं गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं, ताई आत झोपलेली. मला खूण करून खाली उतरले. दुपारचे साडेतीन, बाजारात कुत्रंसुद्धा नाही. दुकानदार बनियनवर गादीवर आडवा पडला होता.

"ब्लँकेट दाखवा," भाऊजी म्हणाले.

"आता?" तो उठून बसला. "या उन्हात ब्लँकेट कोण घेते, वासुदेवराव? लग्नात द्याले का?"

"नाही. पांघराले."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. तो शिडी लावून माळ्यावर चढला, मागच्या हिवाळ्यातला एक गठ्ठा खाली आणला, त्यावरची धूळ झटकली. भाऊजींनी एकेक ब्लँकेट उलगडलं, काजळी लागलेल्या बोटांनी त्याची लोकर दाबून पाहिली, घामानं निथळत गालाला लावून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"हे पातळ आहे," ते म्हणाले. "याच्याहून जाड नाही का?"